जुन्या काडीवरचं फूल

प्रिय दादा,

घरात अजून धूर कोंडलाय आणि मी खोकत खोकत लिहायला बसले आहे. तुझ्या झाडांच्या पहिल्या बिया आज भाजल्या. शेंगदाणे भाजतो त्याच लोखंडी कढईत. पहिला घाणा जाळला. कॉफी काळी असते एवढंच मला ठाऊक, म्हणून काळी होईपर्यंत हलवत राहिले. दुसरा घाणा बरा उतरला. मिक्सरमधून काढला, पाण्यात उकळला, फडक्यातून गाळला. आता तो कप माझ्यासमोर आहे, शेजारी द्राक्षाच्या फवारणीची वही आहे, आणि अर्धा तास झाला तरी मला तो कप उचलवत नाही. म्हणून वहीची पानं फाडून तुला लिहितेय.

येत्या रविवारी तुला जाऊन वर्ष होईल. भंतेजी येणार आहेत, पुण्यानुमोदनाला विहारातली माणसं येतील. वहिनी शनिवारीच इंदिरानगरच्या घरून निघणार आहे. काल तिचा फोन आला होता. म्हणाली, "सुमनताई, ह्यांच्या झाडाची पहिली कॉफी आपण दोघी मिळून पिऊ. ह्यांच्या नशिबात नव्हती. झाडांनी एक वर्ष उशीर केला, काय करणार!" मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि बांधावर जाऊन बसले.

झाडांनी उशीर केला म्हणे!

दादा, आधीच सांगून टाकते, म्हणजे मला पुढे लिहिता येईल. हा कप गेल्या जानेवारीत तुझ्या हातात असायला हवा होता. तो तुला मिळाला नाही, कारण तुझ्या झाडांची फुलं मी कापली. कळी धरायच्या आधीच कापली. आणि तुला ते माहीत होतं. सव्वा वर्ष माहीत होतं आणि तू मला एका शब्दानं बोलला नाहीस. आता तूच सांग, यातलं मी तुला काय माफ करू आणि तू मला काय?

तू त्या बिया आणल्यास तो दिवस आठवतो. कॉलेजच्या मुलांना घेऊन कर्नाटकात सहलीला गेला होतास. येताना ओल्या रुमालात गुंडाळून मूठभर बिया आणल्यास आणि घरी जायच्या आधी थेट इथं आलास. मी म्हटलं, साडी आणायची सोडून हे काय? तू ओसरीवर बसून एकेक बी दाखवत होतास. एका फळात दोन बिया, सपाट बाजू एकमेकींना लावून बसलेल्या. "सपाट बाजू खाली ठेवून लावायची, सुमे. आणि लवकर लावायची. ही बी फार दिवस जगत नाही." मी म्हटलं, आपल्याकडं द्राक्षं होतात, टमाटे होतात, त्यात तुला ही कुठली अवदसा आठवली? तू हसलास. तुझं ते हसणं! वर्गातला मुलगा काहीतरी वेडं बोलला की हसत असशील तसं.

वहिनीच्या बाल्कनीत तू त्या लावल्यास. दीड महिना काही उगवलं नाही. वहिनी म्हणाली होती, ह्यांनी माझ्या तुळशीच्या कुंड्या अडवल्यात. मग एक दिवस काडेपेटीतल्या काड्या उभ्या केल्यासारखे कोंब वर आले, प्रत्येकाच्या डोक्यावर बीच टोपीसारखी बसलेली. तू मला मुद्दाम बोलावून घेतलंस ते बघायला. मी एसटीनं आले, बघितलं आणि म्हटलं, एवढ्यासाठी बोलावलंस? आतून मला आवडलं होतं. सांगितलं नाही. आपल्या घरात कुणी काय सांगतं?

चाळीस रोपं जगली. ओढ्याकाठच्या आंब्यांखाली, सिल्व्हर ओकच्या रांगेत तू ती लावलीस. "कॉफीला ऊन सोसत नाही. दुसऱ्याच्या सावलीत वाढणारं झाड आहे हे." दर रविवारी सकाळी स्कूटरवरून यायचास, डोक्याला रुमाल बांधायचास आणि पाचोळा गोळा करून झाडांच्या बुडाशी पसरायचास. पन्नाशी उलटलेला वनस्पतिशास्त्राचा मास्तर, ढोपरं टेकून पाचोळा पसरतोय! मी द्राक्षाच्या ओळीतून बघायचे आणि मला हसू यायचं. थोडा रागही यायचा. खरं तर बराच यायचा.

राग कशाचा, ते आज लिहिते. अण्णांनी तुला कॉलेजात घातलं आणि माझ्या हातात कात्री दिली. मी वाईट म्हणत नाही. कात्री माझ्या हाताला बसली. वणीच्या ह्या बाजूला माझ्यासारखी छाटणी करणारी दुसरी नाही, हे गावातले पुरुषसुद्धा कबूल करतात, तेही तोंड वाकडं करून. वेलीकडं एकदा बघितलं की कुठल्या काडीला घड येणार आणि कुठली नुसती पानं खाणार, ते मला कळतं. पण तू झाडांची भाषा बोलायचास ती पुस्तकातली, आणि माझी ती हाताची. तू कधी मला विचारलं नाहीस, सुमे, या झाडाकडं बघून तुला काय वाटतं? आणि मीही कधी विचारलं नाही, दादा, हे झाड कसं वाढतं? मला वाटायचं, विचारलं तर तू शिकवायला लागशील. मला तुझी विद्यार्थिनी व्हायचं नव्हतं.

हौसाबाईनं मात्र विचारलं. पेठ तालुक्यातून दर हंगामाला छाटणीची टोळी घेऊन येणारी हौसाबाई. तिला कसली लाज? ती तुझ्या शेजारी उकिडवी बसायची आणि विचारायची, सर, हे पान असं समोरासमोरच का येतं? सर, ह्याचं कूळ कंचं? तू तिला सांगायचास, कदंब, बारतोंडी आणि कॉफी एकाच कुळातली. त्यावर ती म्हणायची, "मंग आमच्या रानातलंच हाय की सर हे! चुलतभाऊ लागला." तू केवढा खूश व्हायचास. मी लांबून ऐकायचे आणि कात्रीला तेल घालत बसायचे.

आता तो दिवस. सव्वादोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. झाडं तिसऱ्या वर्षातली, छातीएवढी झालेली. द्राक्षाची छाटणी त्या दिवशी दुपारीच संपली. टोळीला अर्धा दिवस मोकळा होता. तू परीक्षेच्या कामात अडकला होतास, दोन रविवार आला नव्हतास. मी सहज ओढ्याकडं गेले. तुझ्या झाडांचं नुसतं गचपण झालेलं. आडव्या फांद्या लांबच लांब, एकमेकींत घुसलेल्या, खालच्या तर जमिनीला टेकलेल्या. माझे हात शिवशिवले. मला वाटलं, दादा रविवारी येईल आणि बाग चकचकीत झालेली बघेल. कधी नव्हे ते मी त्याच्या झाडांसाठी काहीतरी केलेलं असेल.

हौसाबाई माझ्या मागं आली होती. म्हणाली, "बाई, ही नका कापू. सरांचं हाय हे."

मी म्हटलं, "सरांचं हाय म्हणून तर कापू राहिले ना. त्याला कात्री धरता येते का?"

"पण सरांना इचारा तरी."

"छाटणीचं मी त्याला विचारू?"

मी टोळीतल्या दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. चाळीसच्या चाळीस झाडं मी स्वतः छाटली. आडव्या फांद्या दोन-दोन पेरांवर आणल्या, शेंडे उतरवले, सगळी एका उंचीला. आपल्या द्राक्षाचं तसंच असतं ना, कापल्याशिवाय नवा फुटवा नाही आणि फुटव्याशिवाय घड नाही. माझ्या हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं. शेवटी प्रत्येक जखमेला बोर्डो पेस्ट लावली. ब्रशनं, एकेका टोकाला, निळी. एवढ्या मायेनं मी माझ्या वेलींनासुद्धा लावली नव्हती कधी.

कापलेल्या फांद्या बांधावर ढीग घालून ठेवल्या. त्या फांद्यांत पुढच्या मार्चची फुलं होती. तुझी पुढच्या डिसेंबरची फळं होती. हा कप होता त्यात.

रविवारी तू आलास. स्कूटर लावलीस, डोक्याला रुमाल बांधलास आणि ओढ्याकडं वळलास. मी मुद्दाम मागून आले, तुझा चेहरा बघायला. तू पहिल्या झाडापाशी थांबलास. मग दुसऱ्यापाशी. मग सगळ्या रांगेतून शेवटपर्यंत गेलास आणि परत आलास. एका कापलेल्या टोकाला बोट लावलंस. बोट निळं झालं, ते रुमालाला पुसलंस. मी म्हटलं, "मग? किती गचपण झालं होतं!"

तू म्हणालास, "छान. एकसारखी झालीत सगळी."

मग म्हणालास, "चहा टाक."

मी चहा टाकला. तू प्यायलास. त्या दिवशी पाचोळा गोळा केला नाहीस. मी म्हटलं, दमला असेल. संध्याकाळी जाताना बांधावरच्या ढिगातली एक फांदी उचलून स्कूटरच्या डिकीत ठेवलीस. मी विचारलं, ती कशाला? म्हणालास, मुलांना दाखवायला. आणि मी, दादा, मी त्या रात्री जेवताना एवढी खूश होते! माझ्या शिकलेल्या भावानं माझ्या छाटणीला छान म्हटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा.

ते 'छान' मी किती दिवस जपलं असेल! आता ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. कशाला म्हणालास ते? ओरडायचं होतंस. "सुमे, गाढवे, काय करून बसलीस!" असं म्हणायचं होतंस. अण्णा म्हणाले असते. मी उलटून बोलले असते, दोन दिवस तोंड फिरवून बसले असते, तिसऱ्या दिवशी भाकरी बांधून इंदिरानगरला आले असते. भावाबहिणीचं असंच असतं. 'छान' तर आपण परक्याला म्हणतो, पाहुण्याला म्हणतो. वर्गातलं पोर चुकलं तर त्याला फळ्यापाशी बोलावून समजावायचास तू. मी त्या पोराच्याही खालची होते का?

मार्च आला. चैत्राच्या यात्रेला गडावर जाणारी माणसं रस्त्यानं जात होती. तू त्या महिन्यात दर रविवारी यायचास आणि झाडांकडं बघत उभा राहायचास. झाडांना नवी पानं फुटली होती, हिरवीगार, पण बाकी काही नाही. मी तुला चिडवलं, "काय बघू राहिला रे? फुलं कधी येणार तुझ्या झाडांना?" तू म्हणालास, "पुढच्या वर्षी." मला ती गंमतच सापडली. त्यानंतर तू कधीही आलास की मी म्हणायचे, "दादा, तुझं पुढचं वर्ष कुठवर आलं?" हौसाबाईसमोर म्हणायचे, वहिनीसमोर म्हणायचे. पावसाळ्यात तुझं रक्त तपासलं आणि डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, त्याच्या आदल्याच आठवड्यातही म्हटलं होतं. तूही हसायचास. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला असता तर मी माझी जीभ कात्रीनं कापली असती.

दिवाळीनंतर तू वाळत गेलास. तरी दोनदा आलास, वहिनीच्या भावाच्या गाडीतून, पोटाशी उशी धरून. आंब्याखाली खुर्ची टाकून बसायचास. त्यातल्या एका खेपेला मला म्हणालास, "सुमे, आपल्या झाडाची कॉफी एकदा प्यायला मिळायला हवी होती." मी काय म्हणाले? आठवतं तुला? मी म्हणाले, "त्यात काय एवढं! वणीच्या दुकानात पुडी मिळते, आणून देते." आणि खरंच आणून दिली. तू ती उघडलीही नाहीस. वहिनीच्या डब्यांच्या फळीवर अजून तशीच आहे.

आता हॉस्पिटलातलं लिहायचं आहे आणि माझा हात पुढं जात नाहीये.

जानेवारीचा पहिला आठवडा होता. इकडं द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरायला लागलं होतं, मला बाग सोडवत नव्हती, तरी आले. तू भिंतीकडं तोंड करून झोपला होतास. मला बघून वळलास आणि पहिलाच प्रश्न, "झाडं कशी आहेत?" मला वाईट वाटलं. मी एवढ्या लांबून आले, मी कशी आहे ते नाही, झाडं कशी आहेत! मी म्हटलं, "तुझी झाडं? वांझ आहेत."

ह्या तोंडानं म्हटलं मी ते. ज्या शब्दानं मला सासरचं दार बंद झालं, तो शब्द. बारा वर्षं संसार करून मी पिशवी घेऊन परत आले, तेव्हा तू मला 'का आलीस' असं विचारलं नव्हतंस. ओढ्यापासून विहिरीपर्यंतची जमीन दाखवून म्हणाला होतास, ही तू कर. बस. मला वाटायचं, विचारायचं होतंस रे. एकदा तरी विचारायचं होतंस, म्हणजे मी रडले असते. आणि तोच शब्द मी तुझ्या झाडांना लावला.

तुझा चेहरा बदलला. आयुष्यात एकदाच तू मला रागावलास. आवाज नव्हता, नुसते ओठ हलले. "तसं म्हणू नये. झाडांचा दोष नाही त्यात."

मी विचारलं नाही, मग कुणाचा? तू वाट बघत होतास का, मी विचारेन म्हणून? मी तुझ्यासाठी मोसंबं सोलत बसले. दोन फोडी तू खाल्ल्यास. तिसऱ्या आठवड्यात तू गेलास.

त्यानंतर महिना-दीड महिना मी ओढ्याकडं पाय टाकला नाही. द्राक्षं उतरली, माल गेला, मी आपली कामात. झाडांना पाणी नाही, काही नाही. मार्चमध्ये एक दिवस हौसाबाईच म्हणाली, "बाई, सरांची झाडं माना टाकू राहिली." मग मोटर लावली आणि दिवसभर पाणी सोडलं. नुसतं कर्तव्य म्हणून.

नवव्या की दहाव्या दिवशी सकाळी मोटर बंद करायला विहिरीवर गेले तर वास. मोगऱ्यासारखा, पण मोगरा नाही. मी वासामागं चालत गेले. दादा, तुझी चाळीस झाडं पांढरी झाली होती! फांदी दिसत नव्हती एवढी फुलं. मधमाश्यांचा नुसता आवाज. मी तिथंच पाचोळ्यात बसले. पहिल्यांदा आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, दादाचं पुढचं वर्ष आलं.

आणि मग सवयीनं मी बघितलं, फूल कुठं लागलंय. घड कुठून निघाला ते बघायची सवय आहे ना माझी. फांदीच्या टोकाशी कोवळी हिरवी वाढ होती, तिच्यावर एकही फूल नव्हतं. मागं, जिथं गेल्या पावसाळ्यात वाढलेली काडी पक्की होऊन तपकिरी झाली होती, तिथं पानांच्या प्रत्येक जोडीच्या बगलेत गुच्छ. मी दुसरं झाड बघितलं. तिसरं बघितलं. सगळीकडं तेच. म्हणजे ह्या झाडाला फूल नव्या फुटव्यावर येत नाही. एका पावसाळ्याची काडी राखायची, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात तिच्यावर फूल.

मला कुणी सांगायची गरज पडली नाही, दादा. काडी वाचता येते मला. त्या ऑक्टोबरात मी काय कापलं होतं ते त्या वासात बसून मला लख्ख कळलं. मग एकेक करून सगळं आठवत गेलं. निळं बोट. 'छान.' डिकीतली फांदी. पुढच्या वर्षी. झाडांचा दोष नाही.

मी हौसाबाईला ओढत आणलं. म्हटलं, तुला ठाऊक होतं? ती पदराआडून म्हणाली, "सर मला बोलले व्हते बाई. म्हणले, हौसाबाई, आता वरीसभर काय येणार नाय ह्यांना. मी म्हणलं, बाईला सांगू का? तर म्हणले, नको. तिनं मायेनं केलंय, तिला लय लागंल. मंग दवाखान्याचं सुरू झालं तवा परत म्हणले, आता तर अजाबात सांगू नको."

मला लागेल म्हणून! बघितलंस ना आता किती कमी लागलं ते? तू गेल्यावर लागलं. भांडायला समोर माणूस नसताना लागलं. तू हौसाबाईला सांगू शकलास, आणि मला नाही. तुझं हे जे सगळं पोटात घालणं होतं ना, गाव त्याला चांगुलपणा म्हणतं. वहिनी म्हणते, हे कधी कुणाला दुखावून बोलले नाहीत. मी आता काय म्हणते सांगू? तू मला कधी भांडण्याच्या लायकीचं समजला नाहीस. लिहिताना वाईट वाटतंय, पण खोडणार नाही.

आणि तरी, चूक माझीच. विचारायला हवं होतं. एवढा एक प्रश्न, "दादा, ह्याला फूल कुठं येतं?" तो माझ्या तोंडून निघाला नाही, कारण छाटणीतलं मला कुणी सांगायचं नाही हा माझा ताठा. एका बाजूला माझा ताठा, दुसऱ्या बाजूला तुझा चांगुलपणा, आणि मध्ये चाळीस झाडं.

त्या दिवसापासून मी ती झाडं सांभाळतेय. कात्री नेत नाही तिकडं. पाचोळा पसरते, तुझ्यासारखाच ढोपरं टेकून. पावसाळ्यात हिरवे मणी धरले. नवरात्रानंतर उदमांजर यायला लागलं, एक-दोन फळं पिकली की नेमकी तीच खायचं. मी रोज पहाटे जाऊन हाकलायचे. डिसेंबरात तोडणी. द्राक्षाचा घड एकदा कापला की झालं. इथं एका गुच्छात एक फळ लाल, एक पिवळं, एक कच्चं. चार वेळा तोडावं लागलं, एकेक दाणा. तुला फार मजा आली असती मला असं दाणा दाणा वेचताना बघून. बोटांनी दाबलं की साल सुटते आणि दोन बिया बुळबुळीत हातात येतात. दीड दिवस बादलीत भिजवल्या, चोळून धुतल्या, तरंगल्या त्या फेकल्या. खाटेवर कापड घालून वाळवल्या. वाजायला लागल्या तेव्हा उखळात हलक्या हातानं कांडल्या, सुपात पाखडल्या. टरफल उडालं आणि खाली निळसर हिरवे दाणे राहिले. एका बरणीएवढेच. त्यातला एक घाणा मी आज जाळला.

वहिनीला अजून काही सांगितलेलं नाही. दहा महिने झाले. मनात म्हणायचे, कशाला सांगायचं, तिला लागेल. आज कढई उतरवताना माझं मलाच ऐकू आलं, मी तुझंच वाक्य बोलतेय! तेव्हा ठरवलं.

रविवारी माणसं गेल्यावर मी वहिनीला ओढ्यावर नेईन. तिला झाड दाखवीन, काडी दाखवीन, मी कुठून कापलं ते बोट ठेवून दाखवीन. तू तिच्यापासून काय लपवलंस तेही सांगीन, तुझी बाजू राखणार नाही. ती रडेल. कदाचित मला बोल लावेल, कदाचित संध्याकाळच्या गाडीनं न बोलता परत जाईल. जाऊ दे. तिनं ओरडावं अशीच माझी इच्छा आहे. ह्या घरात आता कुणीतरी ओरडायला हवं. कप तिला त्यानंतर देईन, आधी नाही. घेतला तर घेतला.

आणि तुला एक वचन देते. तुझ्या फोटोपुढं मी कप ठेवणार नाही, झाडाच्या बुडाशी ओतणारही नाही. जे तू पिऊ शकला नाहीस ते मातीला पाजून मी मोकळी होणार नाही. हा समोरचा कप तुझा आहे आणि तो मी पिणार आहे. आत्ता, हे पत्र संपलं की. गार झालाय. साखर घातलेली नाही. शेवटच्या घोटापर्यंत पिणार आहे, आणि दादा, कडू लागला तर छान म्हणणार नाही.

तुझी,
सुमी